१२० ऑपरेटर पुरत नाहीत
आज दिवसभर चाकणच्या एका कारखान्याचा मनुष्यबळाचा तक्ता तपासला. ४० मशीन, ३ पाळ्या, म्हणून १२० ऑपरेटर. इथेच घोळ! साप्ताहिक आणि सणाच्या सुट्ट्या वगळून कारखाना ३०५ दिवस चालतो. रजा, खाडे धरले तर माणूस मिळतो २७० दिवस. ३०५ भागिले २७० म्हणजे १.१३. १२० ला १.१३ ने गुणलं की माणसं हवीत १३६. ती १६ नसली की ओव्हरटाइम, तोही कायद्याने दुप्पट दराने. माणूस थकतो, दिवाळीचा बोनस घेऊन गावी जातो तो परततच नाही. एचआर, म्हणजे मनुष्यबळ खातं, मात्र सोडून जाण्याचं कारण ‘पगार कमी’ लिहून मोकळं! सोडून गेलेल्यांची यादी पाळी आणि सुपरवायझरनुसार लावून बघा. पहिल्या ९० दिवसांत गेलेले वेगळे काढा. तिथे बहुधा भरतीत सांगितलेलं काम एक आणि मिळालेलं भलतंच असतं.