सिम्फनी आवडते, मग ऑपेरा का नाही?

इकडे युरोपात बीथोव्हन-ब्राम्सच्या सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या दीर्घ रचना, कोळून प्यायलेले रसिकसुद्धा ऑपेराचं, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचं, नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांना अरसिक म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे.

मुख्य अडचण आवाजाची. ऑपेराचा गायक सहसा मायक्रोफोनशिवाय गातो आणि पुढ्यात अख्खा ऑर्केस्ट्रा असतो. ऑर्केस्ट्राचा जोर 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असतो, त्यापुढे ओसरत जातो. म्हणून गायक, विशेषतः पुरुष, घशाची ठेवण अशी करतात की 3000 हर्ट्झच्या जवळपास आवाजाला धार येते. त्या धारेवर तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. घरी हेडफोन लावले की तीच धार कानात टोचते. सोप्रानो (सर्वात उंच पट्टीत गाणारी गायिका) 700 हर्ट्झच्या वर गेली की आ, ए, ओ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे इटालियन येणाऱ्यालाही शब्द लागत नाहीत. त्यात सेकंदाला पाच-सहा वेळा हेलकावणारा व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं कंपन. स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या) नितळ सुरांवर पोसलेला कान वैतागणारच!

दुसरं म्हणजे रचना. सिम्फनीत विषय मांडला जातो, फुलतो, परत येतो. ऑपेरात वेळेची सूत्रं नाटकाच्या हाती. हार्प्सिकॉर्डच्या (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या) दोन-चार कॉर्ड्सवर चाललेले रेसिटेटिव्ह म्हणजे बोलल्यासारखे गायलेले निव्वळ संवाद. भाषा येत नसेल तर ते कंटाळवाणेच. वाग्नरचं 'दास राइनगोल्ड' तर मध्यंतराविना अडीच तास चालतं. कथानकं बाळबोध असतात, हेही खरं, पण ते दुय्यम.

निवडक आरियांच्या (पात्राने एकट्याने गायच्या गाण्यांच्या) अल्बमने सुरुवात करणं मात्र सगळ्यात वाईट. प्रसंगातून उपटलेली आरिया म्हणजे नुसती गळ्याची कसरत वाटते. त्यापेक्षा मोत्सार्टच्या 'फिगारोचं लग्न' (1786) मधल्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. वीसेक मिनिटं, मध्ये एकही रेसिटेटिव्ह नाही. सुरुवातीला दोघं, अखेरीस सात जण गातात. बायकोच्या खोलीत तरुण लपलाय या संशयाने काउंट संतापून धुमसतोय, दार उघडतं, त्या तरुणाऐवजी बायकोची दासी सुझाना बाहेर येते आणि ऑर्केस्ट्रा एकदम मिन्युएटसारख्या (दरबारी नाचासारख्या) संथ, शालीन चालीवर येतो. स्वरपट्ट्या ई-फ्लॅटवरून निघून बी-फ्लॅट, जी, सी, एफ, बी-फ्लॅट करत पुन्हा ई-फ्लॅटवर येतात. सिम्फनीच्या श्रोत्याला हा हिशेब लगेच कळतो.

ज्यांना ऑर्केस्ट्राच हवा, त्यांनी बार्टोकचं 'ब्लूबियर्डचा किल्ला' ऐकावं. तासाभराचं, गाणारी पात्रं दोनच, बंद दारं सात. पाचवं दार उघडताच पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि ऑर्गन सी-मेजर पट्टीत कोसळतात.

थिएटरात जाणार असाल तर गोष्ट आधी वाचून ठेवा. प्रयोग चालू असताना झळकणाऱ्या भाषांतराच्या पाट्यांवर डोळे खिळले की कान सुटतात. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जुन्या थिएटरात बाजूच्या बॉक्सची (छोट्या बंदिस्त सज्जाची) मागची खुर्ची टाळा, अर्धं स्टेज दिसत नाही. वरच्या गॅलरीत मधोमध बसा. चेहरे लहान दिसतील, पण गळा आणि ऑर्केस्ट्रा तिथे छान मिसळून येतात.