अकरा रेघा

त्या मंगळवारी आम्ही औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं होतं. न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय या गावात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. गावातले शंभरातले पंचाहत्तरहून जास्त लोक स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले किंवा त्यांच्या घरातले. आमचा वर्ग संध्याकाळी सात ते नऊ भरतो. गोदामात पॅकिंग करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या, छपरं बसवणाऱ्या माणसांना दिवसातली तेवढीच वेळ मोकळी सापडते. पंधरा मिनिटांवरच्या एडिसनमध्ये मी राहते, तिथे रस्त्यात मराठी कानावर पडतं. इथे मात्र मी एकटीच मराठी.

अमेरिकेत येण्याआधी नऊ वर्षं मी कराडजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमची पद्धत जुनी होती. धडा वाचायचा, शब्दार्थ लिहायचे, मग मराठीत भाषांतर. इथे आल्यावर संस्थेने पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं. विद्यार्थ्यांची भाषा मध्ये आली की ते तिच्यातच अडकून पडतात, असं त्यांचं म्हणणं. मी ते मान्य केलं. मला स्पॅनिश तेव्हा येतही नव्हतं.

पण चार वर्षं रोज कानावर पडल्यावर ते हळूहळू यायला लागलं, आणि आलं ते मराठीच्या वाटेने. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य इंग्रजीतून समजून घ्यायला गेलं तर उलटंपालटं वाटतं. मराठीत ते सरळ 'मला कॉफी आवडते'. तेच 'मला', तीच आवडणारी कॉफी. तू आणि तुम्ही यांच्यातलं अंतरही त्यांच्याकडे आहे. आणि पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवून दिलेले शब्द तर घरचेच निघाले. आमच्याकडे दरमहा मिळणाऱ्या पैशाला 'पगार' म्हणतात असं मी एकदा सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग हसला, कारण त्यांच्याकडे 'पागार' म्हणजे पैसे देणं. दाराच्या बिजागरीला ते 'बिसाग्रा' म्हणतात. त्या दिवसापासून माझ्याशी ते जरा मोकळेपणाने बोलायला लागले.

वर्गात एक बाई होत्या, डोमिनिकन रिपब्लिकच्या, साठीला आलेल्या. सगळे त्यांना नुसतं 'दोन्या' म्हणत. आपण एखादीला मानाने 'बाई' म्हणतो, त्यातला हा प्रकार. दोन्या कधी गैरहजर नसत. गोदामातून थेट वर्गात येत, पायांना सूज असे, पण वहीतलं अक्षर बघत राहावं असं. गावाकडे त्या सहावीपर्यंत शिकल्या होत्या. छापलेल्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. पुस्तकात चूक सापडली तरी म्हणायच्या, मलाच कळलं नसेल.

त्या दिवशीच्या कागदावर वाक्य होतं, 'टेक वन टॅब्लेट बाय माउथ वन्स डेली'. एक गोळी, तोंडाने, दिवसातून एकदा. आधी प्रत्येकाने मोठ्याने वाचायचं, मग प्रश्नांची उत्तरं लिहायची, मग खालच्या तक्त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार रकान्यांपैकी योग्य जागी गोळीची खूण करायची.

दोन्यांनी वाचलं, ते 'ओन्से डेली'. उच्चार चुकला असं मला वाटलं. स्पॅनिशमध्ये जसं लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे इंग्रजी वाचताना ही माणसं नेहमी अडखळतात. मी म्हटलं, 'वन्स'. त्यांनी म्हटलं, 'वन्स'. सगळ्यांकडून दोनदा घोकून घेतलं आणि पुढे गेले.

दुसरा प्रश्न होता, दिवसातून किती वेळा? मी बाकांमधून फिरत प्रत्येकाची वही बघत होते. दोन्यांनी सुंदर अक्षरात एकच शब्द लिहिला होता. ओ, एन, सी, ई. बरोबर उत्तर. मी त्यावर खूण केली, 'व्हेरी गुड' म्हटलं आणि पुढच्या बाकाकडे वळले.

ती खूण मला अजून टोचते.

पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला. "टीचर, नो मोर एस्पेस."

शब्दाच्या सुरुवातीला 'स'चं जोडाक्षर आलं की त्याच्या आधी 'ए' लावायची यांची सवय, आपल्याकडे उत्तरेतली माणसं 'इस्कूल' म्हणतात तशी. मला कळलं की जागा पुरत नाही म्हणतायत. पण एका गोळीच्या एका खुणेला जागा का पुरू नये? मी वाकून पाहिलं. सकाळच्या रकान्यात तीन रेघा, दुपारच्या तीन, संध्याकाळच्या तीन, आणि रात्रीच्या बारीक रकान्यात दोन दाटीवाटीने बसवलेल्या. पेन्सिलीने, अगदी सारख्या उंचीच्या. मी मोजल्या. अकरा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत 'वन्स' लिहायला जी चार अक्षरं लागतात, नेमकी तीच चार, त्याच क्रमाने लिहिली की स्पॅनिशमध्ये 'ओन्से' होतं. म्हणजे अकरा. त्यांनी उच्चार चुकवला नव्हता. त्यांनी आपल्या भाषेतला शब्द अचूक वाचला होता, आणि वहीत लिहिलेलं उत्तरही त्यांच्या मनात अकराच होतं. कागदावर बरोबर, अर्थाने अकरा पट चूक, आणि वर माझी खूण.

मी फळ्याकडे वळले. संस्थेचा नियम त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. इंग्रजी शब्द लिहिला आणि पुढे स्पॅनिशमध्ये लिहिलं, 'उना वेस'. एकदा. अकरा नव्हे.

वर्गात दोघेतिघे 'आआ' म्हणाले. दोन्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर एका औषधाच्या बाटलीचा फोटो होता.

त्यांच्या नवऱ्याला आदल्या आठवड्यात डायबेटिस निघाला होता. त्या दुपारी तो जवळच्या एका फार्मसीतून गोळ्या घेऊन आला होता. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून दुकानाने लेबल स्पॅनिशमध्ये छापून दिलं होतं. छापणारा संगणक. सगळं वाक्य स्पॅनिश, 'एक गोळी तोंडाने घ्या', पण मधला तो एकच शब्द इंग्रजीतलाच राहून गेला होता. त्यामुळे स्पॅनिश वाचणाऱ्या माणसाला ते लेबल स्वच्छ सांगत होतं की एक गोळी, दिवसातून अकरा. नवऱ्याला थोडी शंका आली होती. म्हणून त्याने फोटो पाठवून बायकोला विचारलं, कारण बायको इंग्रजी शिकते. आणि दोन्यांनी जेवणाच्या सुट्टीत उत्तर दिलं होतं की हो, अकराच लिहिलंय.

बाटलीत तीस गोळ्या होत्या. मी नंतर विचारलं, तीन दिवसांत संपतील हे खटकलं नाही का? म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले होते साखर फार वाढलीय. आम्हाला वाटलं, म्हणून जास्त."

त्यांनी तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पंधरा माणसांचा वर्ग, पण खुर्चीचा आवाज येत नव्हता. त्याने सांगितलं की दुपारी दोनला सुरुवात केली, तासाला एक, म्हणजे मध्यरात्री बारापर्यंत बरोबर अकरा होतील. आत्तापर्यंत सहा झाल्या. आवाज जड येत होता. घाम सुटलाय म्हणाला, हात थरथरतायत, औषध लागू पडतंय बहुतेक.

औषधाचं नाव ग्लिपिझाइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. साखर आधीच खाली आलेली असली तरी तिचं काम थांबत नाही. माझ्या सासऱ्यांना डायबेटिस होता, म्हणून घाम आणि थरथर या दोन शब्दांचा अर्थ मला लगेच कळला. मी 911 ला फोन लावला. छपराची कामं करणाऱ्या एका एक्वाडोरच्या मुलाने दोन्यांच्या फोनवर नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, फ्रिजमधला संत्र्याचा रस पी, आत्ता, मी ऐकतोय तोवर पी. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला कुणीतरी हाक मारायला लावली. रुग्णवाहिका पोचली तेव्हा रस पिऊनसुद्धा साखर 45 होती.

या गोळीचा असर तासन् तास टिकतो. एकदा वर आलेली साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून त्याला गुरुवारपर्यंत इस्पितळात ठेवलं. तो बरा झाला.

त्या रात्री दोन्यांना गाडीतून इस्पितळात सोडलं. वाटेत त्या एकच वाक्य म्हणत होत्या, की मीच सांगितलं त्याला, मी शिकतेय म्हणून सांगितलं. मी काय बोलणार? मीही 'व्हेरी गुड' म्हटलंच होतं.

नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की हा घोळ जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या औषध दुकानांची अशी स्पॅनिश लेबलं तपासली गेली होती आणि 2010 मध्ये तो अभ्यास छापून आला. तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या, आणि 'ओन्से'चा हा धोका त्यातही सांगितलेला होता. त्याहून जुनी घटना 1980 ची. दक्षिण फ्लोरिडात विली रामिरेझ हा अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत इस्पितळात आला. घरचे क्यूबाचे. खाण्यातून काही बाधलं असावं या अर्थाने त्यांनी 'इंतोक्सिकादो' म्हटलं. ऐकणाऱ्यांनी ते इंग्रजीतलं 'इंटॉक्सिकेटेड' समजून नशेचे उपचार केले, आणि मेंदूतला रक्तस्राव वेळेवर ओळखलाच गेला नाही. त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई ठरली.

तेव्हापासून मला पक्कं वाटतं की अनोळखी शब्दाची भीती बाळगायला नको. लांबलचक अनोळखी शब्द आला की विद्यार्थी थांबतो, विचारतो, डिक्शनरी उघडतो. घात करतो तो ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द. आपण तरी काय वेगळे? मराठी मुलाने हिंदी पुस्तकात 'शिक्षा' वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे छडी येते, आणि तिकडे बिचारं शिक्षण चाललेलं असतं. माझ्या वर्गात एकीने दुकानात हात धुवायला 'सूप' मागितलं होतं, कारण त्यांच्या 'सोपा'चा अर्थ सूप, आणि कानाला तो साबणाच्या इंग्रजी शब्दासारखा लागतो. एक जण लांब बाह्यांचा शर्ट हवा म्हणून 'लार्ज' मागत राहिला, कारण 'लार्गो' म्हणजे लांब. अशा गोष्टींवर आम्ही हसत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात मी संस्थेत जाऊन सांगितलं की माझ्या वर्गात स्पॅनिश बोललं जाईल. सगळा वेळ नाही. पण प्रत्येक उतारा वाचून झाल्यावर पाच मिनिटं प्रत्येकाने शेजारच्याला तो आपल्या भाषेत सांगायचा, घरी म्हाताऱ्या आईला सांगतो तसा. 'समजलं का?' या प्रश्नाला जगातला प्रत्येक विद्यार्थी 'हो' म्हणतो, कराडलाही म्हणायचा. काय समजलं ते त्याच्या तोंडून त्याच्याच भाषेत बाहेर आल्याशिवाय शिक्षकाला दिसत नाही. डॉक्टर लोकही रुग्णाकडून हेच करून घेतात, आता तुम्ही मला सांगा गोळी कशी घेणार. कराडच्या शाळेतलं भाषांतर मला तेव्हा निव्वळ परीक्षेचं काम वाटायचं. त्याचा खरा उपयोग मला इथे कळला. संस्थेतल्या बाईंना हे पटवायला तासभर लागला. शेवटी मी तो रेघांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनीही बोट ठेवून रेघा मोजल्या, आणि मग वाद संपला.

आता प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी फळ्यावर तो चार अक्षरांचा शब्द असतो, आणि खाली विषबाधेच्या मदतवाहिनीचा नंबर, 1-800-222-1222. तिथे चोवीस तास माणूस भेटतो आणि दुभाषाही मिळतो. नंबर वहीत नाही, फोनमध्ये घालून घेते, आणि घातलेला दाखवायला लावते.

तीन आठवड्यांनी दोन्या वर्गात परतल्या. सोबत नवरा होता, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, हातात कोरी वही. तो त्यांच्या शेजारी बसला. मी लेबलांचा कागद परत वाटला आणि त्याला स्पॅनिशमध्येच विचारलं की या शब्दाचा अर्थ काय. त्याने एक बोट वर केलं. "उना. उना सोला." एक. एकच.

मग खालच्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "आणि 'ट्वाइस' म्हणजे?"