मधमाच मोडी गयी ते?

रविवार, रात्र

घडीची सायकल घ्यायचं आज पक्कं झालं. वीस इंची चाकं, पोलादी फ्रेम, मागे सहा गिअर, साधे व्ही-ब्रेक, मडगार्ड आणि कॅरिअर बसवून. पंधरा हजारांच्या आत बसते. इतके दिवस डोक्यात घोळत होतं ते एकदा वहीत उतरवते.

मला सायकल लागते ती कधीमधी. थंडीतल्या रविवारी सकाळी देवपुरातून निघून नकाणे तलावापर्यंत. शिरपूरकडे माहेरी गेलं की मळ्याच्या रस्त्याने संध्याकाळचा फेरफटका. आणि मनात कधीपासून आहे ते पाटणादेवी: धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून सायकलने अठरा किलोमीटर. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख तिथल्या पाटण गावचाच. वर्गात मुलांना सांगते दरवर्षी, आणि जायचं मात्र राहून जातं. आता साधी सायकल गाडीतून न्यायची म्हणजे ती ब्रेकव्हॅनमध्ये बुक करा, उतरल्यावर सोडवून घ्या. घडी करून पिशवीत घातलेली सायकल हातातल्या सामानासारखी सोबत राहते. माहेरी जाताना गाडीच्या डिकीत जाते, तेही आहेच.

पण माझ्यासाठी खरं कारण वेगळं आहे. फाल्गुन लागला की इकडे सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. तिथपासून मृगापर्यंत सायकल उभी राहणार. आमच्या इमारतीच्या पार्किंगला पत्रा नाही. तिथे उभ्या असलेल्या सायकलींचे टायर मी पाहते ना, बाजूला बारीक भेगा, आत हवा नाही, चेन तांबूस. त्या सायकली चालून खराब झालेल्या नाहीत, उन्हात उभ्या राहून झाल्यात. कधीतरी चालवायची सायकल घरात, सावलीत राहिली पाहिजे, आणि आमच्या घरात पूर्ण सायकल मावत नाही. घडी केलेली पलंगाच्या शेजारी मावते. मोजून पाहिलं.

सासूबाईंना दाखवला मोबाइलवर फोटो. त्यांनी चष्मा वर करून तो मधला सांधा पाहिला आणि म्हणाल्या, "पण मधमाच मोडी गयी ते?"

सगळ्यांत मुद्द्याचा प्रश्न त्यांनीच विचारला. दुकानात गेल्यावर मी गिअर, सस्पेन्शन सगळं बाजूला ठेवून तेवढंच बघत बसले.

फ्रेमच्या मधोमध बिजागरी असते आणि ती बंद करायला कळ. हँडलच्या दांडीला खाली अशीच दुसरी. चालवताना आपलं वजन, खड्ड्याचा दणका, ब्रेकचा ओढा, सगळं त्या दोन ठिकाणी येतं. म्हणून पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा, हँडल धरून सायकल पुढे-मागे हलवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या फटीवर ठेवायचं. ढिलाई असेल तर बोटाला लगेच कळतं, टिक टिक लागतं. एका सायकलीला ते फ्रेममध्ये लागलं, एकीला हँडलच्या दांडीत. दोन्ही नव्याकोऱ्या, दिसायला देखण्या, एकीला तर पुढे-मागे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक. दहा हजारांच्या आसपास एवढं सगळं देतात तेव्हा पैसे कुठून वाचवले असतील, ते त्या फटीत कळलं. जी घेतली तिची कळ बंद करायला तळव्याने जोर द्यावा लागतो, मग खट् आवाज येतो, आणि वर आणखी एक छोटा खटका आहे, तो दाबल्याशिवाय ती उघडतच नाही. तो दुसरा खटका नसेल तर मी कुणालाही घेऊ नको म्हणेन. घरी येऊन सासूबाईंना तोच फोटो मोठा करून दाखवला. त्यांचं समाधान झालंय असं वाटतं.

लंडनची ब्रॉम्प्टन माहीत आहे, सोळा इंची चाकांची, तीन घड्यांत छोटीशी होते. फार सुंदर वस्तू, पण लाखाच्या पुढची, आणि तिची ट्यूब धुळ्यात कोण देणार? हे चाकाचं प्रकरण मी आधी कोपऱ्यावरच्या मिस्तरींना विचारून घेतलं होतं. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यापुढे इकडे कोणाचं चालत नाही. तलावाच्या कडेने गेलं की पंक्चर ठरलेलंच. मिस्तरी म्हणाले, "वीस इंची शे ना? मंग काय चिंता नही. पोरेस्नी सायकलनी ट्यूब हिले चालस, ताई." एक पाहायचं: वीस इंचीतही दोन मापं येतात. टायरवर बारीक अक्षरांत 406 असेल तर तीच मुलांच्या सायकलीची, तालुक्याच्या गावीही मिळणारी. 451 असेल तर ती वेगळी, जरा मोठी रिम, तिची ट्यूब-टायर शोधत फिरावं लागेल. मी दुकानात वाकून आकडा वाचला.

ह्यांचं म्हणणं, एवढ्याशा चाकांनी पाय मारून मारून दमशील. तसं होत नाही, पुढची चकती मोठी असते. हिला पुढे 46 दाते, मागे 14 ते 28. टायरचा घेर साधारण 1.55 मीटर. सगळ्यांत जड गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटर जाते, दादांच्या जुन्या काळ्या अठ्ठावीस इंचीच्या जवळपास. सगळ्यांत हलक्याला अडीच मीटर, तो पाटणादेवीच्या चढाला लागेल. बिनगिअरची दोन हजारांनी स्वस्त होती, पण डोंगराकडे जायचंय तर नको. लहान चाकाचा खरा तोटा खड्ड्यात. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात हे आत उतरतं. म्हणून पावणेदोन इंच रुंद टायर घेतला, आणि लळिंगकडच्या हायवेवर ही न्यायची नाही.

वजनाचं काय? गॅसच्या रिकाम्या टाकीएवढी, चौदा-पंधरा किलो. अॅल्युमिनियमची दीड-दोन किलो हलकी होती, चार हजार जास्त. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, मला झेपते. तिसऱ्या मजल्यावर असते तर ते चार हजार दिले असते.

फ्रेमचा दांडा खाली असल्यामुळे पंजाबी ड्रेसवरही सहज चढता येतं, साडीवरसुद्धा. सीटची नळी कळ सैल करून वर-खाली होते, त्यामुळे माझी पाच फूट उंची आणि भाच्याची पावणेसहा, दोघांना एकच सायकल चालते. त्या नळीवर एक रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत सीट वर ओढायची नाही. भाच्याला हे आल्या आल्या सांगायचं आहे, तो ऐकून घेणारा नाही, तरी.

शनिवारी ताब्यात मिळेल. तोवर मिस्तरींकडून दोन ट्यूब, हातपंप आणि सांध्याच्या नटाला बसेल अशी अॅलन-की घ्यायची. नवा सांधा सुरुवातीला थोडा सैल पडतो म्हणे, आठवड्याने बोट लावून बघायचा आणि लागला तर आवळायचा. चाळीसगावच्या गाडीची सकाळची वेळही विचारून ठेवते.