टँकर, पत्रावळ आणि उजनीचं पाणी

पालखीचा मुक्काम पुण्यातून हलला की दुसऱ्या दिवशी हमखास ऐकू येतं, वारी घाण करून गेली. नाना पेठेत, भवानी पेठेत केळीची सालं, द्रोण, चहाचे कप पडलेले असतात, त्यांचे फोटो निघतात. दिंडीत चालताना या बोलण्याचा राग येतो, आणि पायाखालीच कप चुरडत असल्यामुळे उत्तर देताही येत नाही.

आमच्या दिंडीत हा वाद आळंदीलाच पेटला, आणि तो कपांवरून नव्हता. बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर पांढराशुभ्र फेस होता. काही जण त्यातच आंघोळ करत होते, काही जण घाटावर उभं राहून चिडत होते. साबण आणि डिटर्जंटमधली रसायनं सांडपाण्यातून, कारखान्यांच्या पाण्यातून नदीत येतात. पाणी बंधाऱ्यावरून पडताना त्यात हवा मिसळते आणि हे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की फेस विरतो. मग लोक म्हणतात, नदी निवळली. निवळत नाही, पातळ होते. घाण होती तेवढीच पुढे सरकते.

पुढे म्हणजे कुठे, हे विणेकरी बाबांनी विचारलं आणि सगळे गप्प झाले. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. पुण्यात संगमवाडीहून येताना ज्या मुळा-मुठेचा वास आपण नाक दाबून ओलांडतो, तीही खाली रांजणगाव सांडसजवळ भीमेतच जाते. ती भीमा उजनी धरणात साठते आणि आषाढीला उजनीतून सोडलेलं पाणी चंद्रभागेत येतं. आपण पायी जातो, पुण्याचं मोरीचं पाणी नदीने जातं. दोघांचा मुक्काम एकच.

पुण्यातला मुक्काम गर्दीत गेला. एकादशीला पहाटे निघालो. हडपसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेबलं लावलेली: खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि पातळ प्लास्टिकचे रेनकोट. देणाऱ्याचा भाव खरा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण तो रेनकोट डोक्यातून घालतानाच काखेत फाटतो आणि फुरसुंगीच्या आधी गटारात जातो. शेजारून चालणाऱ्या परभणीकडच्या आजींच्या डोक्यावर जाड मेणकापड होतं, कडा शिवलेल्या, मधे ठिगळ. पाऊस आला की खोळ, थांबलं की अंथरूण. त्यांना तिघांनी रेनकोट देऊ केले. आजी म्हणाल्या, "माउली, हे हाय की." तरी एकाने तो पिशवीत कोंबलाच.

वडकी नाल्याला विसावा. दुपार झाली होती, टाचेला रुपयाएवढा फोड आला होता आणि दिवे घाट अजून समोर होता. फोडातून सुईने दोरा ओवून तसाच ठेवायचा, हा दिंडीतला जुना इलाज. पाण्याच्या टँकरजवळ उभ्या असलेल्या आरोग्यसेविका ताईंनी तो पाहिला आणि हातातली सुई काढूनच घेतली. दोऱ्यावरून घाण आत जाते म्हणाल्या. साबणाने पाय धुवायला लावला, निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला खालच्या बाजूने एक छिद्र केलं, पाणी दाबून काढलं, वरची कातडी मात्र ओढू दिली नाही. मलम, गॉज, वर चिकटपट्टी. मोजा उलटा घालायला सांगितला, शिवण बाहेर येते म्हणून. पैसे, नाव, काही नाही. त्या परत टँकरकडे वळल्या.

टँकरवाल्याशी त्यांचं भांडण चाललं होतं. छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले, रंगच आला नाही. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. "पावडर टाकलीय ना, ताई!" टाकली होती, पण पोतं महिनाभर उघडं पडलेलं, टीसीएलमधला, म्हणजे ब्लीचिंग पावडरमधला, क्लोरीन असा उडून जातो आणि हाती चुना उरतो. दुसरं, कोरडी पावडर वरून झाकणातून ओतलेली, ती तळाशी बसली. ताईंनी नवं पाकीट फोडलं. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे दहा हजाराच्या टँकरला पन्नास. बादलीत कालवलं, गाळ बसू दिला, वरचं निवळ पाणी तेवढं टँकरमध्ये सोडलं आणि अर्धा तास तोटीला कुणाला हात लावू दिला नाही. तहानलेली माणसं, वर ऊन, मागून दिंड्या येताहेत; त्या अर्ध्या तासात ताईंनी काय काय ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी नळी पिवळी झाली. टँकर असा उभा राहिला नाही की लोक शेजारच्या शेतातल्या विहिरीत कळशी सोडतात आणि पुढच्या मुक्कामी जुलाब सुरू होतात.

त्या अर्ध्या तासात ताटांचा वाद झाला. आमची दिंडी दोनशे जणांची. दोन जेवणं आणि तीन चहा धरले तर दिवसाला हजार नग फेकले जातात. दिंडीप्रमुखांचं म्हणणं, आपण थर्माकोल कधीच सोडला, कागदी घेतो. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, सोडून उपकार केले नाहीत कुणावर. आणि कागदी म्हणजे तरी काय? वाटी रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी कागदाचा लगदा होतो आणि हातात पारदर्शक पापुद्रा येतो. आमटी गळू नये म्हणून लावलेलं ते प्लास्टिक असतं. खरकटं चिकटलेली वाटी गाय तशीच गिळते, पापुद्रा तिच्या पोटात साचतो. मशीनवर दाबलेल्या चकचकीत पत्रावळीचंही तेच. पळसाची, चोयांनी टाचलेली पत्रावळ मातीत जाते, पण दोनशे जणांना रोज पुरेल इतकी वाटेत कुठे मिळत नाही.

स्टीलची ताटं घ्या म्हटलं की धुणार कशाने, हा प्रश्न बरोबरच होता. वाहत्या तोटीखाली एका ताटाला लिटरभर पाणी सहज जातं. आधी राखेने कोरडं पुसायचं, मग ओळीने तीन घमेल्यांतून काढायचं आणि शेवटचं पाणी पन्नास ताटांनी बदलायचं, असं केलं तर निम्म्याहून कमी पाण्यात दोनशे ताटं होतात. बदललेलं पाणी मधल्या घमेल्यात, मधलं पहिल्यात. आधी खरकटं काढलं नाही तर पहिलंच घमेलं वीस ताटांत तेलकट होतं आणि सगळा हिशेब कोसळतो. बायकांनी लगेच विचारलं, धुणार कोण? पुरुषांकडून उत्तर आलं नाही.

घाट चढताना टाळ वाजत होते, फोड विसरला. वर झेंडेवाडीला पाऊस आला आणि माणसं नाचली. रस्ता रुंद झाला तिथे मात्र सावली उरलेली नाही. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. वाढलेल्या पट्ट्यांत कडेचे वड गेले, दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. त्यांच्या सावलीत उंदीर बसेल. वड हलवता येतो: फांद्या छाटायच्या, भोवती चर खणून मुळांचा मोठा गड्डा बांधायचा, पावसाच्या तोंडावर लावायचा. पण क्रेनला झेपावा म्हणून गड्डा लहान कापतात आणि पावसाळा सरला की पाणी थांबतं. मग ठोंबाला पालवी फुटते आणि उन्हाळ्यात तो वाळतो. रस्ता नको असं म्हणणारा दिंडीत एकही नव्हता. रात्री ट्रक अंगावर यायचे ते सगळ्यांना आठवतं.

सासवडला फिरती शौचालयं होती, रांगेने. तरी पहाटे शेतात माणसं दिसली. रांगेतली पहिली दोन सगळे वापरतात, त्यांच्या टाक्या आधी भरतात आणि उपसणारी सक्शन गाडी गर्दीतून आत येत नाही. दिवा आणि पाण्याचा ड्रम नसेल तर बायका तिकडे फिरकत नाहीत. गाडी पोचणार नसेल तिथे दोन-तीन फूट खोल चर बरा, विहिरीपासून पन्नास फूट दूर आणि उताराच्या बाजूला, प्रत्येकाने वर माती लोटायची. माती लोटत नाहीत, हेही खरं. तिथे वारकऱ्याची बाजू घ्यायला माझी जीभ वळत नाही.

जेजुरी, नीरा, लोणंद, रिंगणं. दिवस एकमेकांत मिसळले.

पंढरपूरला चंद्रभागेत पाणी होतं, उजनीचं, किंचित हिरवट. साध्या मैलाशुद्धीकरणात सेंद्रिय घाण कमी होते, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. त्यावर वर जलपर्णी पोसते आणि धरणात शेवाळ. पुण्यात २०१६ साली मंजूर झालेल्या जपानी कर्जाच्या योजनेत ११ नवी केंद्रं आहेत, ३९६ दशलक्ष लिटरची. घरातलं सांडपाणी नाल्यात सुटायचं थांबून केंद्रापर्यंत पोचलं तर त्यांचा उपयोग. रस्त्यावरचे कप महापालिकेचे कामगार दुसऱ्या दिवशी उचलतात, हे पाणी वर्षभर कुणी उचलत नाही. मग घाण नक्की कोणाची? तरी स्नान केलं. तोंडात पाणी घेतलं नाही.

बारशीला, म्हणजे द्वादशीला, फडावर पुढच्या वर्षीची भिशी, म्हणजे दिंडीच्या जेवणाची व्यवस्था, ठरली. ताट ज्याचं त्याने आणायचं, मागे नाव कोरून. घमेली आणि राखेचं पोतं ट्रकमध्ये. धुण्याची पाळी पुरुषांनाही लागेल, यावर आवाज चढले, पण ठरलं. चहाच्या कपांचं काही ठरलं नाही, कारण चहा वाटेत लोक देतात आणि कपही त्यांचेच असतात.