म्हणाली, सांगितलं, बोलली आणि इंग्रजीतले चार शब्द

परवा भाची इंग्रजी निबंधाची वही घेऊन आली, विषय आजी. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं, 'माय ग्रँडमदर सेज मी स्टोरीज.' मी पेन्सिलने 'सेज'खाली रेघ मारली, वर 'टेल्स' लिहिलं आणि वही परत दिली. तिने वही घेतलीच नाही. "मावशी, पण दोन्हीचा अर्थ एकच आहे ना?"

मी म्हटलं, ते तसंच असतं. आणि म्हणताक्षणी वाईट वाटलं, कारण लहानपणी मलाही हेच उत्तर मिळालेलं आणि त्या उत्तराच्या जोरावर मी नोकरीतली पहिली दोन वर्षं मेलमध्ये 'ॲज यू सेड मी ऑन फोन' असं लिहीत होते, कोणी काही बोललं नाही म्हणून बरोबरच असेल असं धरून चालले होते. तेव्हा त्या संध्याकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसलोच. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण से, टेल, स्पीक, टॉक या चार शब्दांत अडखळणारे माझ्या ओळखीतच खूप आहेत.

आधी एक गोष्ट, हा फरक आपल्याला नवीन नाहीये. म्हणणं, सांगणं, बोलणं हे तीन शब्द आपण दिवसभर वापरतो आणि त्यात आपली चूक कधीच होत नाही. 'गोष्ट म्हण' असं आपण म्हणत नाही, 'प्रार्थना सांग' म्हटलं तर समोरचा ती म्हणायच्या ऐवजी समजावायला लागेल. ढोबळमानाने म्हणणं म्हणजे से, सांगणं म्हणजे टेल, आणि बोलणं म्हणजे स्पीक किंवा टॉक. काही ठिकाणी तर हे इतकं जुळतं की मला खूप आनंद झाला. म्हणणं पासून आपली 'म्हण' झाली, तिकडे से पासून 'सेइंग', म्हणजे पुन्हा म्हणच! 'त्याला यायला सांग' म्हणजे 'टेल हिम टू कम'. 'पाऊस येईल का? सांगता येत नाही', तिथेही 'यू कान्ट टेल'.

मग चूक होते कुठे? माझ्या मते ती त्या एका 'ला'मुळे होते. 'ती मला म्हणाली', 'तिने मला सांगितलं', दोन्हीकडे 'मला'च. मराठीत दोन्हींना सारखाच 'ला' चालतो म्हणून आपण इंग्रजीतही दोन्ही सारखेच वापरतो आणि 'शी सेड मी' होऊन बसतं. इंग्रजीत मात्र 'से' ला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये 'टू' लागतो, 'शी सेड टू मी'. टेल ला उलट, माणूस थेट चिकटतो, 'शी टोल्ड मी', आणि तिथे 'टू' घातला तर चूक.

हे भाचीला पाठ करायला लावायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी तिला तिची तीनच वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली. आजी म्हणाली. आजी बोलली. आजीने सांगितलं. तिसऱ्यावर ती थांबली, "मावशी, इथे 'ने' का आला?" मग 'आजीने गोष्ट सांगितली', 'आजीने किस्सा सांगितला'. क्रियापद आजीकडे बघतच नाही, जी वस्तू सांगितली तिच्याकडे बघतं, गोष्ट असली की सांगितली, किस्सा असला की सांगितला. अगदी 'आजीने वही दिली', 'आजीने लाडू दिला' सारखं. सांगणं म्हणजे देणं आहे! कोणीतरी, कोणाला तरी, काहीतरी देतं. आणि टेलचं वाक्य बघा, 'गिव्ह मी अ बुक', 'टेल मी अ स्टोरी', तोच साचा. से चा असा देण्याघेण्याशी संबंध नाही, तोंडातून जे शब्द निघाले त्यांच्याशी आहे. ('आजीने म्हटलं' असंही आपण म्हणतो, तिथेही ने येतो, त्यामुळे हा काही नियम नाही, पण कान तयार व्हायला मदत नक्की होते.)

एकदा देणं डोक्यात बसलं की दुसरी मोठी चूक आपोआप दिसते आणि ही चूक मोठी माणसं, अगदी चांगलं इंग्रजी लिहिणारी सुद्धा करतात. 'सरांनी सांगितलं की उद्या सुट्टी आहे.' मराठीत हे वाक्य पूर्ण आहे, कोणाला सांगितलं ते कळतंच, मग कशाला लिहायचं. पण त्याचं 'सर टोल्ड दॅट टुमॉरो इज अ हॉलिडे' केलं की इंग्रजी वाचणाऱ्याला ठेच लागते, कारण द्यायचं तर घेणारा हात लागतो. एकतर 'सर टोल्ड अस' करा, नाहीतर घेणारा नको असेल तर 'सर सेड'. मीटिंगच्या नोंदींमध्ये मला हे दर दोन ओळींनी दिसतं, 'क्लायंट टोल्ड दॅट', 'मॅनेजर टोल्ड दॅट', आणि प्रत्येक ठिकाणी नुसतं 'सेड' केलं तरी काम होतं. याच कारणाने 'आय वॉज टोल्ड' बरोबर आणि 'आय वॉज सेड' चूक, कारण मला सांगितलं जाऊ शकतं पण मी स्वतः म्हटली जाऊ शकत नाही. कोण म्हणतं ते ठाऊक नसलं की 'इट इज सेड', म्हणजे 'असं म्हणतात'.

शाळेत रिपोर्टेड स्पीच शिकवताना 'सेड टू चं टोल्ड करा' असं सांगतात, ते चूक नाही, पण त्यातून मुलांच्या डोक्यात दोन्ही शब्द एकच असल्याचं पक्कं बसतं. आधी साचा दाखवला असता तर बरं झालं असतं.

आता टेल बद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. टेल चा मूळ अर्थ सांगणं इतकाच नव्हता, मोजणं हाही होता. जुन्या इंग्रजीत 'टेलान' म्हणजे मोजणं, हिशोब करणं, आणि आजही जर्मनमध्ये 'त्सेलेन' म्हणजे मोजणं आणि 'एअरत्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणं, सख्खी भावंडं. बँकेत नोटा मोजून देणारा 'टेलर' तो इथूनच, कपडे शिवणाऱ्या टेलरशी त्याचा काही संबंध नाही. सगळे मिळून बारा जण होतो हे 'ट्वेल्व्ह ऑल टोल्ड'. जपमाळेचे मणी ओढणं म्हणजे 'टेलिंग बीड्स'. आणि 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली संपत्ती नाही हो, न मोजलेली, आपला अगणित! मणी जसे एकामागून एक ओढतात तशी गोष्ट एकेक करून पुढे सरकते, म्हणून ती टेल करायची. हे कळल्यापासून मी तो शब्द वेगळ्याच मायेने वापरते.

खोट्याचा मात्र घोळ आहे. मराठीत आपण खोटं बोलतो, म्हणून इंग्रजीत 'ही स्पोक अ लाय' लिहून मोकळे होतो. तिकडे खोटं बोलत नाहीत, सांगतात, 'टेल अ लाय'. खरं दोन्ही चालतं, 'टेल द ट्रुथ' आणि 'स्पीक द ट्रुथ', पण लाय ला स्पीक चालत नाही. याचं कारण मी शोधत बसले नाही, हे एक पाठच करायचं. आणखी एक, पाटीवर काय लिहिलंय, पत्रात काय लिहिलंय हे आपण 'लिहिलंय'नेच विचारतो, इंग्रजीत पाटी आणि पत्र सरळ म्हणतात, 'व्हॉट डझ द लेटर से'. हे जमलं की वाक्य एकदम मोकळं वाटतं.

स्पीक आणि टॉक मध्ये फरक बारीक आहे आणि बऱ्याचदा कुठलाही चालतो. भाषा नेहमी स्पीक, 'आय स्पीक मराठी', तिथे टॉक नाही. व्यासपीठ, फोनवरची औपचारिकता, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असलं की स्पीक. दोघांनी मिळून बोलायचं, गप्पा, भांडण मिटवणं हे टॉक. कोणी 'वुई नीड टू टॉक' म्हटलं की पोटात गोळा येतो तो त्यामुळेच, कारण त्यात आपल्यालाही बोलायचं असतं. अबोला धरला तर मात्र पुन्हा स्पीक, 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स', म्हणजे गप्पा सोडाच, तोंडातून शब्दच नाही.

भाचीला हे चारही शब्द एकत्र समजले ते तिच्या धाकट्या भावामुळे. तो दीड वर्षाचा आहे. तो 'बा' म्हणाला, तर 'ही सेड बा'. तो बोलायला लागला, तर 'ही हॅज स्टार्टेड टॉकिंग'. मोठा होऊन दोन भाषा बोलेल, तर 'ही विल स्पीक टू लँग्वेजेस'. आणि भूक लागलीय की झोप आलीय ते त्याला अजून सांगता येत नाही, 'ही कान्ट टेल अस'. शेवटचं वाक्य तिने स्वतः केलं, आणि त्यातला 'अस' मी न सांगता तिनेच घातला.

मग वहीतलं वाक्य तिने खोडून नीट लिहिलं आणि पुढच्या ओळीवर अडकली. तिला लिहायचं होतं, 'आजी लहानपणी खूप खोडकर होती म्हणे.' या 'म्हणे'चं काय करायचं? 'दे से' घातलं तर गाव म्हणतंय असं वाटतं, 'ॲपरंटली'मध्ये थोडी शंका येते, 'सपोज्डली'मध्ये तर आजी खोटारडी ठरते. आपल्या 'म्हणे'त शंका पण आहे, माया पण आहे आणि ऐकलेलं जसंच्या तसं पुढे देणं पण आहे. अर्धा तास आम्ही दोघींनी डोकं खाजवलं. शेवटी तिने लिहिलं, 'माय ग्रँडमदर टेल्स मी शी वॉज व्हेरी नॉटी, अँड आय बिलीव्ह हर.'