०.८ सेकंदांचं भांडण

इथे अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामन्याचं शेवटचं मिनिट संपता संपत नाही. टाइमआउट, फाउल, फाउलबद्दल मिळणारे फ्री थ्रो झाले की तिघं पंच स्कोअररच्या टेबलापाशी मॉनिटरमध्ये डोकं घालून उभे राहतात, आणि हजारो माणसं ताटकळत बसतात. आपल्याला थर्ड अंपायरची सवय आहे. १९९२ साली डरबनला टीव्हीवर बघून पहिला धावबाद दिला गेला तो आपला सचिनच. इथे मात्र ज्यांनी शिट्टी मारली तेच रिप्ले बघतात आणि निकालही तेच देतात.

शेवटच्या मिनिटात घड्याळ सेकंदाचा दहावा भाग दाखवतं. अनेक ठिकाणी पंचांकडे छोटा माइक असतो. शिट्टीचा आवाज झाला की घड्याळ आपोआप थांबतं. सुरू करायला मात्र कुणाचं तरी बोटच लागतं. भानगड होते ती इथेच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये फोर्ट कॉलिन्सला कोलोरॅडो स्टेट विरुद्ध बॉयसी स्टेट असा दोन विद्यापीठांचा सामना होता. जादा वेळही संपत आलेला, गुण बरोबरीत, घड्याळात ०.८ सेकंद. बॉयसीच्या जेम्स वेबने बाहेरून आलेला चेंडू पकडला आणि तसाच भिरकावला. रिंगमागच्या बोर्डावर आपटून तो आत गेला. तीन गुण! बॉयसीची पोरं नाचायला लागली. पंच मॉनिटरकडे गेले. घड्याळ उशिरा सुरू झालं असं त्यांना वाटलं, म्हणून रिप्ले यंत्रातल्या स्टॉपवॉचने त्यांनी चेंडू पकडल्यापासून सुटेपर्यंतची वेळ मोजली. ती सेकंदाहून जास्त भरली. बास्केट रद्द. दुसऱ्या जादा वेळेत कोलोरॅडो स्टेट ९७-९३ ने जिंकलं.

नंतर हे संघ ज्या लीगमध्ये खेळत होते त्या लीगनेच कबूल केलं, की पंचांनी सगळं नियमानुसार केलं, पण रिप्लेमधलं स्टॉपवॉच आणि मैदानावरचं घड्याळ वेगवेगळ्या गतीने चालत होतं. निकाल अर्थातच तसाच राहिला.

मी पंचांना दोष देणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. सामनाभर घड्याळ सुरू करताना बोटाला किंचित उशीर होतच असतो, त्याची मोजदाद कुणी करत नाही. शेवटच्या एका शॉटसाठी मात्र दशांशाचा हट्ट.

याउलट प्रकारही घडलाय. २००८ मध्ये टेनेसी आणि रटगर्सच्या मुलींच्या सामन्यात घड्याळ ०.२ वर सेकंदभर अडकून बसलं. तेवढ्यात रटगर्सविरुद्ध फाउल दिला गेला. पंचांनी मॉनिटर पाहिला, वेळ शिल्लक धरली, आणि एका गुणाने मागे असलेलं टेनेसी दोन फ्री थ्रोंवर ५९-५८ ने जिंकलं. रटगर्सवाल्यांची काय अवस्था झाली असेल!

मार्चमध्ये पहाटे उठून कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे सामने बघणार असाल, तर शेवटच्या शॉटला रिंगकडे बघू नका. वेळ संपल्याचा, बोर्डाभोवतीचा लाल दिवा लागला तेव्हा चेंडू हातातून सुटला होता का, ते बघा. मॉनिटरपाशी उभे असलेले पंचही तेच शोधत असतात.