चेंबरचा बोल्ट निघाला, आट्यांसकट

निघाला एकदाचा! गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदलताना, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाचा ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट निघत नव्हता. मागच्या नोंदीत ज्याच्यापुढे हात टेकले होते, तो बोल्ट आता बाकावर पडलाय. फक्त येताना एकटा आलेला नाही. चेंबरच्या ॲल्युमिनियमचे बाहेरचे तीन-चार आटे त्याच्या अंगावर चांदीच्या तारेसारखे गुंडाळलेले आहेत. त्यामुळे ऑइल बदलायचं काम जागच्या जागी थांबलंय आणि त्याच्या जागी भलतंच काम उभं राहिलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पेट्रोल इंजिन, ॲल्युमिनियमचं चेंबर, बोल्ट एम१४ गुणिले १.५ (जाडी १४ मिलिमीटर, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर), डोकं १७ मिलिमीटरचं. कंपनीचं पुस्तक म्हणतं, टॉर्क (आवळायचा पीळ) ३९ न्यूटन-मीटर आणि दर वेळी नवीन वॉशर. आजवर हे काम गॅरेजात पैसे देऊन व्हायचं. यंदा पहिल्यांदा स्वतः करायला घेतलं.

आधी बोल्टचं डोकं. डोक्याचे कोपरे मी हात लावायच्या आधीच मेलेले होते, कुणीतरी हवेची गन लावून आवळल्याच्या स्पष्ट खुणा होत्या. अशा डोक्यावर बारा कोनांचा रिंग पाना चालवणं म्हणजे उरलेसुरले कोपरेही घालवणं. तो फक्त कोपऱ्यांनाच धरतो. सहा कोनांचा सॉकेट बाजूच्या सपाट भागावर जोर देतो, म्हणून तो लावला. तोही नुसता गोल फिरला. काहींनी सुचवलेला गंज सोडवायचा स्प्रे रात्रभर मारून ठेवला होता, पण त्याचा उपयोग होईल असं मला मुळातच वाटत नव्हतं. इथे गंज नाहीच. आतून आटे ऑइलात भिजलेले आहेत. बोल्ट अडलाय तो आवळल्यामुळे.

मग उष्णतेचा विचार केला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे चेंबर गरम झालं की बोल्टवरची पकड थोडी सैल होते. ऑइल असलेल्या चेंबरला ज्योत दाखवायचा प्रश्नच नाही. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणलं, बंद केलं, हाताला सोसेल इतकं निवू दिलं आणि आतून उलट्या पिळाच्या धारा असलेला एक्स्ट्रॅक्टर सॉकेट हातोडीने डोक्यावर ठोकून बसवला. या ठोकण्यानेही आट्यांना हादरा बसतो, ते वेगळंच. मग लांब टॉमी, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा.

रॅम्पवर चढवलेल्या गाडीखाली टॉमी फिरवायला जागा जेमतेम एक वितीची. जोर लावला, काही नाही. पाय टेकवून लावला, तेव्हा ‘कट्ट’ असा आवाज आला. या छंदात त्या आवाजासारखं सुख नाही. पण बोल्ट सुटल्यावर बोटांनी हलका फिरायला हवा, हा मात्र शेवटपर्यंत खरखरत, अडत आला. तेव्हाच कळलं की आटे सोबत येतायत.

ऑइल निथळून झाल्यावर बल्ब जवळ नेऊन भोक बघितलं. भोकाभोवती एक चकचकीत गोल कडा दिसली. वाटलं चेंबरचाच भाग असेल. नखाने खरवडलं तर एका जागी केसाएवढी फट. प्लॅस्टिकच्या खरवडणीने हळूहळू उचकटली आणि हातात आला एक चपटा झालेला जुना वॉशर. बोल्टवर दुसरा होताच. म्हणजे एकावर एक दोन वॉशर!

सगळा घोळ इथून सुरू झाला असणार. हे मऊ धातूचे वॉशर दबून, आकार बदलून सील करतात. एकदा दबला की धातू कडक होतो, पुन्हा तसा दबत नाही. जुना चिकटून राहिला, त्यावर नवा बसला, की दोघांच्या मधून थेंब झिरपायला लागतो. मग पुढचा माणूस वॉशर बघायच्या ऐवजी पाना थोडा जास्त ओढतो. त्याच्या पुढचा आणखी थोडा. ॲल्युमिनियमचे आटे हे किती वेळ सहन करणार?

शिवाय आट्यांत पांढऱ्या टेपचे तुकडे मिळाले. हो, नळाला लावतात तीच. कुणीतरी झिरपणं थांबवायला बोल्टला टेप गुंडाळली होती. ड्रेन बोल्टवर टेप लावणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. एक तर सील आट्यांत होतच नाही, वॉशरवर होतं. दुसरं म्हणजे टेपमुळे आटे निसरडे होतात. तितक्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि आटे तुटायला तेवढं पुरतं. कुठल्या भेटीत कुणी गुंडाळली हे आता शोधण्यात अर्थ नाही. बिलावर फक्त ‘ऑइल, फिल्टर, मजुरी’ एवढंच असतं. वॉशरची ओळ एकाही बिलात नाही, हे मात्र जुनी बिलं काढून बघितलं.

आता जरा चांगलं. फिल्टर निघाला, तोही पहिल्या झटक्यात. पट्ट्याचा पाना मी कायमचा बाद केलाय, ऑइलचा हात लागला की तो नुसता घसरतो. फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा कप पाना घ्या, मात्र आपल्या फिल्टरच्या व्यासाचा आणि पैलूंचा नीट मोजून घ्या. जुन्याचं रबर त्याच्यासोबतच निघालं ना, हे इंजिनाच्या तोंडावर बोट फिरवून पाहिलं. ते तिथेच राहिलं आणि वर नवीन फिल्टर चढवला, तर दोन रबरांमधून दाबाखालचं ऑइल बघता बघता बाहेर. ड्रेनच्या दोन वॉशरने थेंब गळतो, फिल्टरच्या दोन रबरांनी इंजिन जातं.

जुना फिल्टर कापलाही. करवतीने कापू नका, तिचाच चुरा आत पडतो आणि मग काय शोधताय तेच कळत नाही. डबा उघडायच्या कटरने कड काढली. कागदाच्या घड्या पिळून, पसरून उन्हात धरल्या: चुंबकाला काही चिकटलं नाही, चकाकणारे कणही नाहीत. इंजिनाची तब्येत उत्तम. ऑइल उलटं मागे येऊ न देणारा आतला रबरी पडदा पार कडक झाला होता. सकाळी सुरू करताना क्षणभर येणारा खडखडाट, ज्याबद्दल मी मागे लिहिलं होतं, तो बहुधा याच्यामुळे. नवा फिल्टर सिलिकॉनच्या पडद्याचा घेतलाय, तो उष्णतेत जास्त काळ मऊ राहतो.

ऑइल मोजलंही. खुणा केलेल्या कॅनमध्ये ओतलं तर ४.१ लिटर भरलं. पुस्तकाप्रमाणे फिल्टर न बदलता ३.५ आणि फिल्टरसकट ३.७. फिल्टरमध्ये राहिलेलं वेगळंच. जवळच्या फेऱ्यांच्या गाडीत पेट्रोल उतरून पातळी वाढते हे मला माहीत आहे, म्हणून वासही घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. आणि गेल्या सर्व्हिसनंतर लगेच काढलेल्या डिपस्टिकच्या फोटोतही पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर आहे. गॅरेजात ड्रमच्या पंपाने सगळ्या गाड्यांना ठोकळ मापाने भरतात, त्याचा हा नमुना. जास्त ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, असं अजूनही कितीतरी जणांना वाटतं. पातळी फारच वाढली तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ऑइलात घुसळते, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला आधार देत नाही. ऑइल काळं होतं म्हणून मात्र गॅरेजला नावं ठेवू नका. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

तर आता चेंबरचं काय करायचं? लिहायला बसलो तेव्हा बेत ठरलेला होता: गाडी रॅम्पवर आहे तशीच ठेवून भोक मोठं करायचं, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली धातूची छोटी नळी, बसवायचा. मोठ्या मापाचा, स्वतःच आटे कापत जाणारा बोल्ट सरळ नाकारलाय. तो वाकडा गेला तर चेंबर फुटतं, आणि दर ऑइल बदलाला तो थोडं थोडं कापतच राहतो. तारेच्या स्प्रिंगचा इन्सर्ट ताकदीला चांगला, पण तारेच्या वळणांमागून ऑइलला वाट मिळू शकते, म्हणून त्याला सीलंट लागतोच. कॉलर असलेला भरीव बुश यात सरस. त्याची कॉलर खाचेत पक्की बसते आणि वॉशरला सपाट, नवं कोरं तोंड मिळतं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की बराचसा चुरा त्यात अडकतो, उरलेला थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून धुवून काढायचा. सगळं ठरलं होतं.

पण वरचा टेपचा परिच्छेद लिहिताना बोल्टचा फोटो पुन्हा मोठा करून बघितला. टेपची एक कड फाटलेली आहे. आट्यांवर मिळालेले तुकडे एकत्र लावले तर गुंडाळीचा अर्धा भागही भरत नाही. बाकीची कुठे गेली? निथळलेलं ऑइल जाळीतून गाळलं, त्यात नाही. म्हणजे ती आत असण्याची शक्यता आहे, आणि आत ऑइल पंपाच्या चोखणीची जाळी आहे. त्या जाळीवर टेप बसली तर ऑइलचा दाब पडणार, आणि तेव्हा बुश कितीही सुंदर बसला असला तरी काय उपयोग!

म्हणून बेत बदलला. चेंबर खाली उतरवतोय. काम वाढलं, पण ड्रिलिंग आता बाकावर, उभ्या ड्रिलवर, काटकोनात होईल आणि चुऱ्याची भीती संपेल. चोखणीची जाळीही डोळ्यांनी बघता येईल. चेंबर सुटताना ते चोपून बसवलेलं सीलंट कापायचं आहे. त्याला पातळ पात्याची सीलकटर मागवलीय. स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटलं की ॲल्युमिनियमच्या तोंडावर खड्डा पडतो आणि तिथून गळती लागते ती लागतेच. बसवताना दोन्ही तोंडं तेलरहित करायची, सीलंटची सलग दोरी भोकांच्या आतल्या बाजूने ओढायची, बोल्ट ठरलेल्या क्रमाने, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत ऑइल भरायचं नाही.

डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढणारा व्हॅक्यूम पंप घ्यायचा विचारही मधे डोकावला. बोल्टला हातच लावायचा नाही, किती सोयीचं! पुढच्या वेळी कदाचित घेईनही. पण यंदा तो वापरला असता तर ती टेप आणि ते दोन वॉशर तसेच राहिले असते. ड्रेनच्या जागी बसणारा छोटा व्हॉल्व्ह मात्र नको. माझं चेंबर आधीच जमिनीलगत आहे, त्यातून खाली काही लोंबायला नको.

टॉर्क पान्याबद्दल विचारणा झाली होती. चाकांच्या नटांसाठी घेतलेला २०० न्यूटन-मीटरचा क्लिक पाना (ठरवलेल्या टॉर्कला ‘क्लिक’ करणारा) इथे वापरू नका. असे पाने आपल्या क्षमतेच्या तळाशी, साधारण २० टक्क्यांच्या खाली, भरवशाचे नसतात, आणि ३९ म्हणजे अगदी त्याच्या तळालाच. मी १० ते ६० चा वेगळा घेतलाय. वापरून झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.

आणि तो नेहमीचा प्रश्न, यात पैसे वाचतात का? ऑइल आणि फिल्टर दोन्हीकडे लागतंच, वाचते ती मजुरी, आणि ती सध्या तरी एक्स्ट्रॅक्टर, सीलकटर आणि बुशच्या किटमध्ये गेली. गॅरेजवाल्याकडे लिफ्ट असते, जुनं ऑइल तोच ठेवून घेतो, आणि चांगला माणूस असेल तर खाली उभा राहून फाटलेले रबरी बूट आणि सस्पेन्शनचे बुशही दाखवतो. ज्याला वॉशर बदलणारा माणूस मिळालाय त्याने त्याला सोडू नये, मीही सोडला नसता. वॉरंटीतल्या गाडीवाल्यांनी स्वतः केलं तर ऑइलचं ग्रेड लिहिलेली बिलं आणि किलोमीटरची नोंद जपून ठेवावी. जुनं ऑइल वेगळ्या कॅनमध्ये झाकून ठेवलंय. त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळलं तर पुनर्वापरासाठी ते कुणी घेत नाही. हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही, त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरतात.

गाडी आता रॅम्पवरून उतरवून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतलीय, कारण चेंबर काढायला पुढचा आडवा पत्राही सोडावा लागणार. जॅक नुसता आधाराला म्हणूनही खाली ठेवलेला नाही. फिल्टरच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधलंय, चुकून कुणी स्टार्ट मारू नये म्हणून बॅटरीची केबल काढलीय. किटमधला बुश १६ मिलिमीटर लांबीचा आहे आणि चेंबरचा तिथला उंचवटा मी बाहेरून मोजला तर १५ भरतो. खरी खोली आतून मोजल्यावरच कळेल. बुश खोलीपेक्षा लांब निघाला तर तो लेथवर एक मिलिमीटर उतरवून घेईन, आतल्या बाजूने. कॉलरला हात लावायचा नाही.